सातवा नमुना

माझा पीएचडीचा प्रबंध लातूरच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात असतो. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. आई तो पाहुण्यांना दाखवते, उघडत मात्र कुणी नाही, आणि ते बरंच आहे. उघडलाच तर मधोमध एक रंगीत आलेख सापडेल. त्यात एक रेघ वरून खाली येते, दुसरी खालून वर चढते आणि पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास दोघी एकमेकींना ओलांडून जातात. तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या सरांनी त्या आलेखावर बोट ठेवून म्हटलं होतं, "हे काम देखणं झालंय." मी मान खाली घालून हसले. ते रक्त माझ्या भाचीचं होतं, आणि मी ते कसं मिळवलं हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं.

थोडा विषय सांगावा लागेल. डेंग्यू झाला की घरोघरी प्लेटलेटचा आकडा तोंडपाठ होतो, पण प्लेटलेट येतात कुठून हे कुणी विचारत नाही. हाडांच्या मगजात मूळपेशी असतात. मूळपेशी म्हणजे जिचं अजून काहीच ठरलेलं नाही अशी पेशी. ती लाल पेशी होईल, पांढरी होईल, नाहीतर फुगत फुगत भलीमोठी होईल आणि शेवटी आपल्याच अंगाचे बारीक तुकडे करून रक्तात सोडून देईल. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात. कुठली जागी आणि कुठली झोपलेली, एवढाच काय तो फरक. गाटा-टू नावाचं जनुक मूळपेशीचं मूळपण राखतं. पेशी प्लेटलेटच्या वाटेला लागली की ते मंदावतं आणि त्याचंच भावंड गाटा-वन जोर धरतं. मग त्याच्यामागून बाकीची जनुकं जागी होतात. कुठलं कोणत्या दिवशी जागं झालं, किती झालं, हे मोजायचं. पाच वर्षं मी नांदेडला एवढंच केलं. लोक पाच वर्षांत दोन पोरं आणि एक घर करतात.

मूळपेशी मिळवायच्या तर कुणाच्या तरी हाडात सुई घालावी लागते, आणि अभ्यासाला म्हणून असं हाड कोण देणार? म्हणून आम्ही नाळेतलं रक्त घ्यायचो. बाळ झालं की नाळ कापतात, वार पडते. आमच्याकडे नातेवाईक वार मागून घेतात आणि पुरतात, पण तिच्यातलं रक्त कुणी मागत नाही. त्या रक्तात मूळपेशी असतात. शंभर पेशींत जेमतेम एखादी, पण असते. ती निवडायची, बाटलीत वाढवायची, बारा दिवस सांभाळायची आणि ठरलेल्या चार दिवशी थोड्याथोड्या काढून मोजायच्या. म्हणजे रक्त भरपूर हवं. तिथंच माझं घोडं पेंड खात होतं.

पहिले सहा नमुने वाया गेले. दोन गोठले. एकाला बुरशी लागली. एकाच्या वेळी वीज गेली आणि इन्क्युबेटर थंड पडला. उरलेल्या दोनांत रक्तच इतकं थोडं की पहिल्या दोन दिवसांचं मोजून झाल्यावर पुढं मोजायला पेशी उरल्या नाहीत. मी विष्णुपुरीला खोली घेऊन राहत होते. रोज खोलीवर परतताना वाटायचं, आपल्यानंतर आलेल्या मुली लिहायला बसल्या आणि आपण अजून बाटल्याच धुऊन राहिलो. माझ्या गाईडबाई रागावायच्या नाहीत. त्या फक्त विचारायच्या, "नमुना कमी पडला का?" ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

रक्त कमी का पडतं, हे मला समजलं होतं. बाळ बाहेर आल्यावरही नाळ दोन-तीन मिनिटं धडधडत असते. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडं जात राहतं. अनुभवी सिस्टर नाळ थांबेपर्यंत चिमटा लावत नाहीत. त्यांनी चिमटा लावला की मग माझी पिशवी, आणि तोवर नाळेत उरतं काय? तळाचं. लवकर चिमटा लावला तर पिशवी भरते. पण आमच्या परवानगीच्या अर्जात एक वाक्य होतं: रक्त घेण्यासाठी प्रसूतीच्या पद्धतीत कोणताही बदल केला जाणार नाही. ते वाक्य मीच लिहिलं होतं, आणि कुणी सांगितलं म्हणून नव्हे, अगदी पटून लिहिलं होतं.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला लातूरला माहेरी आली. तिचं सासर अहमदपूरचं. आम्ही दोघीच बहिणी, मला ती अक्का म्हणते. मी हुशार आणि ती गुणी, अशी वाटणी आमच्या घरात फार लवकर झाली होती आणि ती दोघींनीही कधी मोडली नाही. मी सुट्टी काढून आले ते तिच्यासाठी, असं सगळ्यांना वाटलं. तिच्यासाठी आलेच होते. पण माझ्या बॅगेत रक्ताच्या तीन पिशव्याही होत्या.

संमतीचा कागद मी तिच्यापुढं धरला तेव्हा ती डिंकाचा लाडू खात होती. "कुठं करू सही?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हटलं, वाच तरी. ती म्हणाली, "तू वाचलंस न्हवं? मग झालं." बहिणीनं पुढं केलेला कागद आपल्याकडं कुणी वाचत नाही. वाचला तर तो अपमान.

दवाखाना छोटा होता. तिथं एक वयस्क मुसलमान सिस्टर होत्या, त्यांना सगळे आपा म्हणायचे. अर्ध्या गल्लीची पोरं त्यांच्या हातावर झालेली. सकाळी नऊच्या सुमाराला मुलगी झाली. छान रडली. डॉक्टरीणबाई शेजारच्या टेबलावरच्या बाईकडं वळल्या. आपांनी बाळ धाकटीच्या पोटावर ठेवलं आणि नाळेवर दोन बोटं टेकवून उभ्या राहिल्या. मी पिशवी घेऊन तयार. एकेक क्षण माझ्या पिशवीतून गळून चाललाय असं मला वाटत होतं.

"आपा, लावता का चिमटा?"

"थांब बेटा. अजून चालून राहिली हाय. पोरीचा हिस्सा पोरीला जाऊ दे."

मी थांबले नाही. म्हणाले, "लावा ना आपा. घरचंच आहे."

आपांनी माझ्याकडं बघितलं. "घरचं हाय म्हणून म्हणतीस?" त्यांनी विचारलं. तेव्हा तो प्रश्न मला अगदी अडाणी वाटला. परक्या बाईच्या बाळंतपणात मी हे कधीच म्हटलं नसतं. सहा वेळा म्हटलं नव्हतं. परक्यांसाठी नियम असतो, घरच्यांसाठी कशाला, ही आपली जुनी खोड. घरच्याचं उचललं तर ती चोरी नसते. आपांनी धाकटीकडं बघितलं, तिचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी चिमटा लावला.

पिशवी भरली. टम्म भरली. सहा नमुन्यांत मी असं गडद, उबदार वजन हातात धरलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की बाळाचं तोंड मी दारातूनच बघितलं. दोन तासांच्या आत मी लातूर–नांदेड गाडीत होते, मांडीवर थंड पेटी. अहमदपूरच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय वो पेटीत? लेकरावानी धरलंय." मी म्हटलं, औषध आहे. लातूरला ओली बाळंतीण बहीण, आणि मी पेटी छातीशी धरून तिच्या सासरच्या गावावरून पुढं निघून गेले.

त्या पेशी वाढल्या. अशा वाढल्या की गाईडबाई स्वतः सूक्ष्मदर्शकाशी येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी गाटा-टू उतरू लागलं, सातव्या दिवशी गाटा-वनने त्याला मागं टाकलं होतं, अकराव्या दिवशी त्या अजस्र पेशींच्या कडांना प्लेटलेटचे धागे फुटताना दिसले. बाराव्या दिवशी लातूरला बारसं होतं. मी गेले नाही, कारण शेवटची मोजणी त्याच दिवशी. फोनवर आईला म्हटलं, "नाव आत्या ठेवते, मावशीचं काय काम?" आई म्हणाली, "काम नसतं म्हणून कुणी येत न्हाई का?" मी हसण्यावारी नेलं. पुढचे महिने लिहिण्यात गेले. सातवा नमुना या नावानं भाची माझ्या टेबलावर होती. खऱ्या भाचीला मी त्या सहा महिन्यांत दोनदा भेटले.

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि आईचा फोन आला. पोरगी पांढरी दिसते, दूध ओढताना दमते, डॉक्टरांनी रक्त तपासलं तर फार कमी निघालं. लोहाचं औषध सुरू केलंय. मी फोन ठेवला आणि वाचायला बसले. खरं तर हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. रक्तावर काम करणारी बाई मी. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. त्या दोन-तीन मिनिटांत नाळेतून बाळाकडं जे रक्त जातं, त्यातलं लोह बाळाला पुढं कित्येक महिने पुरतं. ते मिळालं नाही तर सहा महिन्यांच्या आसपास बाळ पांढरं पडू शकतं.

पडू शकतं. पडतंच असं नाही. आमच्या भागात आयांच्या अंगातच रक्त कमी, शंभर कारणं असतात. माझ्या चिमट्यामुळंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मीही नाही. तेव्हा मी या वाक्याचाच आधार घेऊन राहिले.

चार दिवसांनी उष्टावण होतं. लातूरच्या घरी सगळे जमले. चुलत भावाच्या मांडीवर बसवून तिला खीर भरवली, तिनं ती थुंकली, सगळे हसले. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जवळ घेतलं. पापणी ओढून बघितली. आतला भाग गुलाबी असतो, तो कागदासारखा होता. जेवणं झाल्यावर धाकटीच्या सासूबाई म्हणाल्या, "आईच्याच अंगात रगत न्हाई, तर लेकराला कुठलं येतंय?" आई म्हणाली, असं कसं, आम्ही सगळं खाऊ घातलं. शब्दाला शब्द वाढला. मग सासूबाई माझ्याकडं वळल्या.

"तुमी तर रगतावरच शिकून राहिलाव. तुमीच सांगा बाई, कशानं झालं."

सगळे माझ्या तोंडाकडं बघू लागले. धाकटीही. तिच्या नजरेत भीती नव्हती. अक्का आहे, अक्का आपली बाजू घेईल, अशा खात्रीनं ती बघत होती.

मी म्हणाले, "पोटात असताना आईनं नीट खाल्लं नाही तर बाळात लोह कमी राहतं. गरोदरपणी उपवास वगैरे करू नयेत."

पुस्तकात बघितलं तर या वाक्यात काहीच खोटं नाही. परीक्षेत लिहिलं तर पूर्ण गुण मिळतील.

धाकटी हळूच म्हणाली, "श्रावणातले सोमवार धरले होते मी."

"बघा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही शिवभक्तांच्या घरातल्या मुली. मी कॉलेजात गेल्यावर सोमवार सोडले, तिनं नाही सोडले. आठ-नऊ वर्षांची होती तेव्हापासून धरायची. संध्याकाळी शंकराला जाऊन येईपर्यंत पाणीसुद्धा नाही म्हणायची आणि बाबा दुकानातून आले की त्यांच्याबरोबर जेवायची. ते तिचं तेवढं एकटीचं असं काही होतं. त्या दिवसानंतर तिनं सोमवार सोडले. कुणी सोडायला लावले नाहीत, तिचे तिनेच सोडले. औषधानं पोरगी दोन-तीन महिन्यांत सुधारली, गालांवर रंग आला, रांगायला लागली. आज ती पाच वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते. पण तिला साधी सर्दी झाली तरी सासूबाई म्हणायच्या, "पोटात असताना उपाशी ठेवलेलं लेकरू हाय ते." धाकटी ऐकून घ्यायची. बीट किस, खजूर दे, गूळ-शेंगदाणे कुटून ठेव, यात तिची वर्षं गेली. मला फोन करून विचारायची, "अक्का, अजून काय देऊ?" आणि मी सांगायचे. यादी करून सांगायचे. आज त्या याद्यांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बोलायचं होतं. खरंच दरवेळी बोलायचं होतं. आधी म्हटलं, प्रबंध जमा होऊ दे. मग म्हटलं, तोंडी परीक्षा होऊ दे. मग नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली, म्हटलं कायम होऊ दे. मग म्हटलं, पोरगी बरी झालीच आहे, आता कशाला उकरायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ झाकलेली राहिली, आणि तिच्यावरचा ठपका मात्र सगळ्यांसमोर उघडा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणून तर मी अहमदपूरला जायचं टाळायचे.

यंदा आषाढात धाकटीचा फोन आला. पुन्हा दिवस गेले होते. आवाज आनंदी होता, पण दोन वाक्यांत खाली आला. म्हणाली, "या खेपेला पहिल्यापासून नीट करून राहिले, अक्का. सकाळी उठल्या उठल्या खाते. भूक नसली तरी खाते. उलटी झाली तरी पुन्हा बसून खाते. या लेकराला मी उपाशी ठेवणार न्हाई."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि अहमदपूरची गाडी धरली.

दुपार होती. भाची शाळेत. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. धाकटी मागच्या ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती, शेजारी वाटीत खजूर. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. आपा काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, पिशवी कशी भरली, मी काय वाचलं होतं, आणि उष्टावणाला ते वाक्य बोलले तेव्हा ते वाचून चार दिवस झाले होते, हेही. माझ्या चिमट्यामुळंच झालं असं नक्की सांगता येत नाही, हे पण सांगितलं. ते सांगताना माझी मलाच किळस आली.

ती डाळ निवडत राहिली. मग हात थांबला.

"म्हंजी सोमवारामुळं न्हाई झालं?"

"चार उपवासांनी इतकं होत नसतं," मी म्हणाले. "मला तेव्हाच माहीत होतं."

"मी देवळात जायचं सोडलं, अक्का. कुठल्या तोंडानं जाऊ म्हणून." ती हे रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती नुसतं सांगत होती. "रक्त पायजे होतं तर मागायचं की. मीच आपाला म्हणले असते, घे म्हणून. न्हाईतर न्हाई म्हणले असते. पर मला विचारायचं तरी."

मी रडले. तिनं मला रडू दिलं, हात लावला नाही. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आत सासूबाई हायेत. त्यांना सांग हे."

मी उठले. आत गेले. सासूबाई उठून बसल्या. त्यांना कळेल अशा भाषेत मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चूक माझी होती, तुमच्या सुनेची नाही, तिनं लेकराला उपाशी ठेवलेलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग पदर सावरत हसल्या. दुष्टपणानं हसल्या नाहीत, मायेनंच हसल्या.

"बहिणीवर पांघरूण घालाया इतक्या लांबून आलाव व्हय? जाऊ द्या की बाई. झालं गेलं. मी काय तिला छळून राहिले का?"

"काकू, पांघरूण नाही, खरं सांगते आहे."

"तवा तर भर बैठकीत तुमीच म्हणला होता. शिकलेलं माणूस तवा एक आन आता एक बोलतंय का?"

मी नाळेचं पुन्हा सांगितलं. हातानं दाखवून सांगितलं. त्या मान डोलवत राहिल्या आणि एक अक्षर त्यांच्यात शिरलं नाही. पाच वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोलले होते तेव्हा त्यांनी पुरावा मागितला नव्हता. कुणीच मागितला नव्हता. "चहा टाक गं अक्काला," त्यांनी दाराकडं बघून सांगितलं. "आन तू बी खाऊन घे काहीतरी. सकाळपासून तसंच असशील."

धाकटी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघितलं.

"तवाच बोलायचं होतंस, अक्का," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.